ऑपरेशन एका दिवसाचं, ताट जन्माचं

हातातली कामं आटपली असतील तर जरा टेका, नसतील तर काम करता करता ऐका. आज एका ऑपरेशनचा इतिहास सांगणार आहे. वजन कमी करण्याचं ऑपरेशन. डॉक्टर त्याला बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. आपल्याकडे बाया सरळ म्हणतात, पोट छोटं करण्याचं ऑपरेशन.

तुम्ही म्हणाल, हा मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांचा विषय, आमच्या गटात कशाला? पण डोळ्यांसमोर आणा. एखादी बाई मुंबईला मुलाकडे किंवा दिराकडे जाते. तिला साखर आहे, रक्तदाब आहे, गुडघे धरलेत, वजन शंभराच्या घरात. तिथे तिचं ऑपरेशन होतं. आठ-पंधरा दिवसांनी ती कोकण रेल्वेनं रत्नागिरीला उतरते, रिक्षानं वाडीत येते. हातात जाड फाईल, पिशवीत गोळ्या. शेजारणी बघायला येतात. कोणी म्हणते, "किती सुकलीस गं!" कोणी गुळाचा शिरा घेऊन येते, कारण आजारी माणसाला रिकाम्या हातानं भेटायची आपली रीत नाही. चार महिन्यांनी गणपती, घरात मोदक. या बाईनं आता काय खायचं, किती खायचं, कधी चालायचं, हे त्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. पण घरचं ताट कोण वाढतं? फाईल नाही वाढत. ताट घर वाढतं, आणि घराच्या सवयी फार जुन्या असतात.

म्हणून हा इतिहास दोन बाजूंनी सांगते. एक त्या ऑपरेशनचा आणि दुसरा आपल्या ताटाचा.

आधी आपलं ताट. आपल्या आजीच्या, पणजीच्या काळात कोकणातल्या बाईचा दिवस पहाटे जात्यावर सुरू व्हायचा. दळण, मग उखळात भात कांडणं, विहिरीवरून हंडा-कळशीनं पाणी, गुरांचं शेण, रानातून कवळाचा भारा, लाकडाची मोळी. पावसाळ्यात लावणी, कमरेत वाकून दिवस दिवस चिखलात. पुरुष माणसं चाकरमानी होऊन मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत गेलेली. त्यांची मनीऑर्डर यायची, पण शेत, गुरं, म्हातारी माणसं सगळं बाईच्या अंगावर. व्यायाम हा शब्दही तिच्या कानावर गेला नसेल आणि तिला त्याची गरजही नव्हती.

खाणं काय? सकाळी पेज, सोबत मिठाचा खडा नाहीतर लोणच्याची फोड. दुपारी नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, कधी परसातली भाजी. समुद्राकडच्या गावांत मासळीचं कालवण, पावसाळ्यात आगोटीला भरून ठेवलेली सुकट आणि खारवलेले मासे. भात सणाला नाहीतर घरच्या पुरुषांना आधी. आणि बाईचं जेवण सगळ्यांच्या शेवटी. माशाची मधली तुकडी नवऱ्याला आणि मुलग्याला, डोकं नि शेपटी तिला. कालवण संपलं तर पातेल्याला लागलेला मसाला पुसून भाकरी. उरलेलं वाया जायला नको म्हणून पोट भरलेलं असताना शेवटचे दोन घासही तिनंच घालायचे. उपास-तापास तर विचारूच नका.

तो काळ चांगला होता असं मी म्हणत नाही. त्या बाया कष्टानं आणि अर्धपोटी लवकर म्हाताऱ्या व्हायच्या. पण पुढे काय झालं ते बघा. पिठाची गिरणी आली, भाताची गिरणी आली, नळ आला, गॅस आला, मिक्सर आला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, रस्ते झाले, दारात टमटम आली. सगळं चांगलंच झालं, बाईच्या पाठीवरचं ओझं उतरलं. पण ओझं उतरलं तसं अंगाचं हलणंही कमी झालं. हातसडीच्या जागी पॉलिशचा तांदूळ आला. नाचणी मागे पडली. चहाबरोबर बिस्कीट, फरसाण, वडापाव आला. तेल-साखर स्वस्त झाली. बदललं नाही ते एकच, बाईनं शेवटी जेवायची रीत. आजही ती उभ्यानं, घाईनं, उरलंसुरलं खाते. फक्त उरलेलं आता नाचणीची भाकरी नसून भात, बटाटा आणि तेलकट काहीतरी असतं.

आता ऑपरेशनकडे येऊ.

१९५४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात डॉ. क्रेमेन आणि डॉ. लिनर यांनी एक वेगळाच उपाय पुढे मांडला. माणसाचं लहान आतडं कित्येक मीटर लांब असतं आणि अन्नातला कस तिथे अंगात शोषला जातो. त्यांनी आतड्याचा मोठा भाग वाटेतून बाजूला काढला आणि अन्नाला जवळची वाट करून दिली. म्हणजे खा कितीही, अंगाला लागणारच नाही. वजन खरोखर भराभर उतरलं. पुढची वीस-पंचवीस वर्षं हे ऑपरेशन पुष्कळ लोकांवर झालं. मग शरीरानं हिशेब मागितला. सतत जुलाब, जीवनसत्त्वांची कमतरता, मूतखडे, काहींचं यकृत निकामी झालं. काहींचं आतडं पुन्हा उघडून होतं तसं जोडावं लागलं. १९८० च्या सुमारास डॉक्टरांनी ते ऑपरेशन सोडूनच दिलं. त्यातून पहिला धडा मिळाला: अन्न अंगाला लागूच द्यायचं नाही म्हटलं तर चरबीबरोबर ताकदही जाते.

दुसरी वाट सापडली ती बायकांमुळे. त्या काळी पोटातल्या अल्सरसाठी जठराचा काही भाग काढून टाकत. आयोवा विद्यापीठातल्या डॉ. एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात आलं, की असं ऑपरेशन झालेल्या बायकांचं वजन पुन्हा चढत नाही, त्या बारीकच राहतात. यावरून १९६६ साली त्यांनी डॉ. इटो यांच्यासोबत नवं ऑपरेशन सुरू केलं. जठराची वर एक लहान पिशवी करायची आणि तिला आतड्याचा पुढचा भाग जोडायचा. यालाच गॅस्ट्रिक बायपास म्हणतात. सुधारत सुधारत ते आजही केलं जातं.

मेसन यांनाच बायपासचे त्रास नकोसे वाटले, म्हणून १९८० च्या सुमारास त्यांनी आणखी सोपी रीत काढली. जठराला टाके घालून छोटी पिशवी करायची, तिच्या तोंडाशी पट्टी बांधायची आणि आतड्याला हात लावायचा नाही. पिशवी छोटी, तोंड अरुंद, म्हणजे माणूस खाणारच कमी. सुरुवातीला वजन उतरलं, पण काही वर्षांनी अनेकांचं परत चढायला लागलं. कारण शोधलं तर ते अगदी घरगुती निघालं. अरुंद तोंडातून भाकरी-पाव, मांस जाताना अडकायचं, उलटी व्हायची. मग लोक अडकत नाही ते खायला लागले. आइस्क्रीम, गोड दूध, चॉकलेट. मऊ नि पातळ पदार्थ सहज खाली उतरायचे. पोट छोटं होतं, पण दिवसभर थोडं थोडं गोड जात होतं.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबा. अमेरिकेतलं आइस्क्रीम काढा आणि त्या जागी आपला आमरस ठेवा. मेमध्ये वाटी-वाटी आमरस, फणसाचे गरे, चहात बुडवलेली खारी, साबुदाण्याची खीर. सगळं मऊ, सगळं सरसर खाली उतरणारं. सुरी पोट लहान करू शकते, पण आपण त्यात काय घालतो हे सुरीला ठरवता येत नाही. हा दुसरा धडा.

मग दुर्बिणीचा काळ आला. १९९० साली मुंबईचे डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन केलं. पोट मोठं न फाडता चार बारीक छिद्रांतून. १९९४ साली अमेरिकेत बायपासही दुर्बिणीतून झाल्याचं प्रसिद्ध झालं. २००० च्या आसपास स्लीव्ह नावाची पद्धत पुढे आली. त्यात जठराचा मोठा भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी लांबट नळी ठेवतात. जगभर आज हेच ऑपरेशन सर्वांत जास्त होतं. जखम लहान, दवाखान्यातले दिवस कमी, त्यामुळे लोकांची भीती गेली. मुंबई-पुण्यात ही ऑपरेशनं नेहमीची झाली. २०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत असं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा ते घराघरांत कळलं. २०१७ च्या फेब्रुवारीत सुमारे ५०० किलो वजनाची म्हणून जगभर गाजलेली इजिप्तची इमान अहमद उपचारांसाठी मुंबईला आली. आपल्या टीव्हीवर रोज तिची बातमी असायची. ऑपरेशनच्या आधी तिला प्रथिनांचा पातळ आहार चालू होता, अंग हलवायला माणसं होती. मार्चमध्ये ऑपरेशन झालं, मे महिन्यात तिला पुढच्या उपचारांसाठी अबुधाबीला नेलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती गेली. तिला इतरही गंभीर आजार होते, म्हणून तिच्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधू नये. पण एक गोष्ट तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या आपण सगळ्यांनी पाहिली. ऑपरेशन दोन-तीन तासांचं होतं, त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम महिनोन् महिन्यांचं.

मग या ऑपरेशनचा खरा फायदा किती? त्याचा एक मोठा आणि लांबचा हिशेब स्वीडन देशात ठेवला गेला. १९८७ पासून तिथे २,०१० ऑपरेशन झालेली माणसं आणि तेवढीच ऑपरेशन न झालेली जाड माणसं यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ऑपरेशन झालेल्यांत दहापैकी सात बायका होत्या. ऑपरेशन झालेल्यांत मृत्यू कमी झाले, साखरेचा आजार कमी झाला. म्हणजे ऑपरेशन फसवं नाही, खऱ्या गरजूला ते जीवदान ठरू शकतं. पण वजनाचे आकडे ऐका. दोन वर्षांनी सरासरी वजन शंभरातले २३ हिस्से उतरलेलं होतं. दहा वर्षांनी १७ हिस्से, वीस वर्षांनी १८. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत उतरलेल्यातलं काही पुन्हा चढलं आणि मग टिकलं. शंभर किलोची बाई दोन वर्षांनी ७७ वर आली, तर पुढे ८२-८३ च्या आसपास स्थिरावली असं समजा. तिच्या घरातल्यांनी "ऑपरेशन फुकट गेलं" म्हणायचं कारण नाही. आणि तिनंही "आता काय, झालं काम" म्हणून सैल व्हायचं नाही. पहिली दोन वर्षं शरीर तुमच्या बाजूनं असतं. त्याच काळात नव्या सवयी अंगवळणी पाडायच्या असतात.

हे ऑपरेशन कोणासाठी हेही सांगायला हवं. १९९१ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी नियम घातला. वजन किलोत घ्या, त्याला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागा. येणारा आकडा ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ च्या वर असून मोठा आजार असेल, तर ऑपरेशनचा विचार. दीड मीटर उंचीच्या, म्हणजे जवळजवळ पाच फुटी बाईसाठी ४० म्हणजे ९० किलो, ३५ म्हणजे ७९ किलो. २०२२ साली जगभरच्या संघटनांनी हे आकडे खाली आणले आणि आशियातल्या लोकांसाठी आणखी खाली. आपल्यासाठी वेगळं का? त्याचं उत्तर पुण्यात सापडलं.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करत आले. तिथली बाळं जन्मतःच लहान, सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. हाडं, स्नायू कमी, पण चरबी मात्र तितकीशी कमी नाही. २००४ साली त्यांनी इंग्लंडच्या एका डॉक्टर मित्रासोबत आपलाच दाखला छापला. दोघांचा वजन-उंचीचा आकडा सारखाच, २२.३. पण त्या गोऱ्या डॉक्टरच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे आपण वरून बारीक दिसतो, तरी आत चरबी असते आणि स्नायू कमी असतात. अर्धपोटी आईच्या पोटी जन्माला येण्याचा हा वारसा आहे. मघाशी सांगितलेली ती शेवटी जेवणारी आजी आठवा. तिचं ताट तिच्या नातीच्या अंगात उतरलं आहे.

आणि म्हणूनच आपल्याकडच्या बाईला ऑपरेशननंतर जास्त जपावं लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांत सुमारे २३ जणींचं वजन प्रमाणाबाहेर होतं, सुमारे २१ जणी प्रमाणाबाहेर बारीक होत्या आणि ५४ जणींच्या अंगात रक्त कमी होतं. जाड बाईला रक्त कमी नसतं असं समजू नका. आधीच लोह कमी, स्नायू कमी, त्यात जठर कापलेलं किंवा आतडं वळवलेलं. अशा वेळी पोट लहान करून फक्त पेज दिली, तर काय होईल ते १९५४ च्या गोष्टीत आपण ऐकलंच.

आता ताटात काय ते सांगते. दवाखान्यातला आहारतज्ज्ञ सांगेल तेच पहिलं. मी फक्त ते आपल्या चुलीवर कसं बसवायचं ते सांगते.

पहिले काही दिवस नुसतं पातळ, गाळलेलं. नंतर दाट पातळ, मग मऊ कुस्करलेलं, मग मऊ घट्ट, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं खाणं, तेही थोडं थोडं. पायऱ्या गाळायच्या नाहीत, आतली शिवण ओली असते. आपल्याकडे पातळ म्हटलं की पेज. पण पेजेच्या वाडग्यात प्रथिनं दोन ग्रॅमच्या आसपास, आणि या बाईला दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतात. म्हणून पेजेऐवजी ताक, दूध, डाळीचं दाट पाणी आणि डॉक्टरांनी दिली असेल ती प्रथिनांची पावडर. पुढच्या टप्प्यावर कुळथाची पिठी, मऊ मूगडाळ, कुस्करलेलं अंडं, काटे नीट काढलेला मऊ मासा.

साठ ग्रॅम कसे भरतात? नेहमीचं खाणं सुरू झाल्यावरचा हिशेब देते. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम. शंभर ग्रॅम बांगडा किंवा दुसरा मासा म्हणजे सुमारे २०. दोन कप दूध-दही म्हणजे १३. वाटीभर कुळीथ किंवा मटकीची उसळ ७-८. मूठभर शेंगदाणे नीट चावून ७-८. झाले साठ. शाकाहारी बाईनं पनीर, सोयाबीन, दही, डाळी वाढवायच्या. ताटात आधी हे खायचं, मग भाजी, आणि पोटात जागा राहिली तर भात-भाकरी. आपली रीत अगदी उलटी आहे, आधी भाताचा डोंगर आणि वर कालवण. ही रीत उलटवायची आहे. नाचणी जरूर खा, तिच्यात चुना भरपूर आहे, पण नाचणी खाल्ली म्हणून कॅल्शियमची गोळी सुटत नाही.

खायची पद्धतही सांगते. बसून खायचं. घास सुपारीएवढा. चावून चावून पातळ झाला की गिळायचा. जेवण वीस-तीस मिनिटं चाललं पाहिजे. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. दिवसभर मात्र घोट घोट करून दीड ते दोन लिटर पाणी. भरल्याची पहिली खूण आली की थांबायचं. "एवढंच राहिलंय, संपवून टाक" हा शब्द त्या घरातून हद्दपार करायचा. गोड जास्त खाल्लं तर, विशेषतः बायपासनंतर, घाम फुटतो, छातीत धडधडतं, जुलाब होतात. गणपतीत मोदकाचा एक तुकडा देवाचा प्रसाद म्हणून घ्या, पाच मोदक नकोत. बाटलीतली फसफसणारी पेयं बंद.

आणखी तीन गोष्टी आपल्याकडे खास सांगाव्या लागतात. पहिली, मिश्री. मिश्रीत तंबाखू असते आणि तंबाखूनं जोडलेल्या ठिकाणी अल्सर होतो. ती सोडायचीच. दुसरी, कंबर दुखली की दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी. बायपास झालेल्या बाईला तीही अल्सर करू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. तिसरी, लोहाची गोळी आणि चहा एकत्र नकोत. लोह आणि कॅल्शियमच्या गोळीतही दोन तासांचं अंतर ठेवा. लोह, कॅल्शियम, बी-१२, ड जीवनसत्त्व, ही औषधं जन्मभराची आहेत. तीन-चार महिन्यांनी केस गळायला लागले की बाया घाबरतात. बहुतेकींचे पुन्हा येतात, पण तेव्हा प्रथिनं आणि गोळ्या नीट चालू आहेत ना ते बघा.

तरुण मुलींसाठी एक वेगळी सूचना. वजन उतरलं की ज्यांना दिवस राहत नव्हते त्यांना अचानक राहू शकतात. ऑपरेशननंतर वर्ष ते दीड वर्ष गर्भ राहू देऊ नका. त्या काळात आईच्याच अंगात पुरेसं नसतं. पुण्याच्या बाळांची गोष्ट आपण ऐकलीच आहे.

आता हालचाल. ऑपरेशनच्या त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बाईला उठवून चालवतात. घरी आल्यावर खळ्यात, पडवीत, रोज थोडं थोडं वाढवत. पहिले चार ते सहा आठवडे हंडा, भारा, गॅसची टाकी, कडेवर नातू, काही उचलायचं नाही. वाडीत लोक म्हणतील, "दोन महिने बसून आहे." म्हणू देत. त्यानंतर मात्र बसायचं नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, जरा दम लागेल असं चालणं. आणि आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. भिंतीला हात लावून दंड काढल्यासारखं ढकला. पाण्यानं भरलेल्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली करा.

बाया म्हणतात, आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कशाला व्यायाम? राबणं खरंच आहे. पण ओट्यापाशी उभं राहणं, वाकून भांडी घासणं यानं कंबर दुखते, दम वाढत नाही. आजीचं जातं आणि उखळ गेलं, त्याची जागा घरात दुसऱ्या कशानं भरली नाही. आणि भराभर वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, हाडंही विरळ होतात. मुळातच स्नायू कमी असलेल्या आपल्या अंगाला ते परवडत नाही. स्नायू राखायचे तर प्रथिनं आणि व्यायाम, दोन्ही बरोबर लागतात.

काही खुणांना थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. पाणीही पोटात न टिकणं, उलट्या चालूच राहणं, पोटात जोराची कळ, ताप, छातीत धडधड, काळी शौच, पायाला मुंग्या येणं किंवा चालताना झोक जाणं. "मुंबईला तपासणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे" म्हणून थांबू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि फाईल बरोबर न्या.

शेवटी आपल्या गटाबद्दल बोलते. एखादी मैत्रीण ऑपरेशनसाठी गटाकडे कर्ज मागायला आली, तर तिला हो-नाही म्हणायच्या आधी एक प्रश्न विचारा. पुढच्या गोळ्या आणि तपासण्यांचे पैसे धरलेत का? पहिल्या वर्षी दर तीन-सहा महिन्यांनी रक्त तपासायचं असतं, नंतर दरवर्षी. ते धरले नसतील तर हिशेब अर्धाच आहे. आणि ऑपरेशन होऊन आली, की तिला भेटायला जाताना शिरा नको, चार अंडी न्या नाहीतर वाटीभर मूग न्या. संध्याकाळी तिला हाक मारून चालायला न्या. एकटी बाई चालली की वाडी विचारते, "कुठे निघालीस?" सहाजणी चालल्या की कोणी विचारत नाही.

तिच्या सासूबाईंशी आणि नवऱ्याशी बोला. या बाईला सगळ्यांच्या शेवटी जेवून चालणार नाही. तिला वेळेवर, बसून, निवांत जेवायचं आहे आणि माशाची मधली तुकडी तिच्याही ताटात पडायला हवी. एवढ्या वर्षांत डॉक्टरांनी जठर कापलं, आतडं वळवलं, टाके घातले, पट्ट्या बांधल्या, आणि दर वेळी त्यांना ताटाकडेच परत यावं लागलं. ताटाची वाढणी मात्र कुठल्याच डॉक्टरच्या हातात नाही, ती आपल्या घरात आहे. आणि खरं सांगू का, ज्या घरात ऑपरेशन झालेलं नाही, त्या घरातल्या बाईनंही आज रात्रीपासून सगळ्यांबरोबर बसून जेवायला काहीच हरकत नाही.